अमेरिकेत फूड स्टॅम्पवाल्यांच्या नोकरी-प्रशिक्षणाचे सरकारी आकडे खरे असतात का?

खोटे नसतात. पण काय मोजलंय हे माहीत नसेल तर वाचूच नका. फूड स्टॅम्प म्हणजे गरिबांना अन्नधान्यासाठी मिळणारी सरकारी मदत; ती घेणाऱ्यांना नोकरीसाठी शिकवणाऱ्या एका संस्थेत चार वर्षं मी याद्या भरल्यात, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे एक बाई होत्या. चाळिशीच्या, मूलबाळ नाही, म्हणजे 36 महिन्यांत 3 महिनेच मदत. पुढे हवी तर महिन्याला 80 तास काम नाहीतर प्रशिक्षण. एक दिवस न चुकवता त्यांनी ऑफिस-कॉम्प्युटरचा कोर्स पुरा केला आणि स्वतःचा घरसफाईचा धंदा काढला. बिलं, हिशेब सगळं स्वतः. वर्षभरात मदतही सोडली. राज्याकडून पगाराच्या नोंदींशी जुळवणी होऊन यादी परत आली, तर त्यांच्या नावापुढे शून्य! त्याच बॅचचा एक जण गोदामात चार दिवस टिकला होता. तो ‘नोकरीत’.

कारण साधं आहे. 2014 च्या शेती कायद्यापासून राज्यांना सांगावं लागतं की प्रशिक्षणानंतर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत किती जण कामाला होते. ते बघतात बेकारी विम्यासाठी मालकांनी कळवलेल्या पगारांवरून. स्वतःच्या धंद्याचा पगार कळवणार कोण? मी साहेबीणबाईंना विचारलं. मान वर न करता म्हणाल्या, “त्याला कॉलम नाही.”

आता आमचे धाकटे दीर. दरवर्षी फराळाच्या ताटावर ऐकवतात की सरकारच म्हणतं, जेमतेम 0.5 टक्के लोक प्रशिक्षण घेतात, बाकीचे बसून खातात. आकडा बरोबर आहे, सरकारी हिशेबतपासनिसांच्या 2018 च्या अहवालातला, 2016 सालचा. पण भावजी, तो सगळ्या लाभार्थ्यांपैकी आहे! त्यात शाळकरी पोरं आली, म्हातारे आले, अपंग आले, आणि आधीच नोकरी करणारेही आले. कामाची अट कितीजणांना लागू आहे, ही राज्यांची आकडेवारीच भरवशाची नाही, हेही त्याच अहवालात आहे. ते पान यांनी उघडलेलं नसतं.

हां, मी एकच संस्था पाहिली. काही राज्यं दुसरीकडूनही माहिती जोडतात. आणि नाव घालून गायब होणारेही आमच्याकडे होते, नाही कशाला म्हणू.

त्या बाईंकडे आता दोन मदतनीस आहेत. त्या दोघींचा पगार मात्र सरकारला व्यवस्थित दिसतो.