मारातली रात्र : तंबू, तिकीट आणि पाणघोडे

जुलै जवळ आला की केनियातल्या मसाई मारा या राखीव जंगलाच्या (रिझर्व्हच्या) बुकिंगची घाई सुरू होते आणि तिच्यासोबत प्रश्नांचीही. या वेळी आलेल्यांतले पाच निवडले आहेत. बाकीचे बहुतेक याच पाचांत बसतात.

आम्ही सासूबाईंना (वय ७१) घेऊन चाललोय. एजंट म्हणतो, तंबूत राहायचं आणि कॅम्पला कुंपण नाही. रात्री बाथरूमला जायची वेळ आली तर? (डोंबिवली)

बाथरूम तंबूलाच जोडलेलं असतं, त्यामुळे बाहेर पडावं लागत नाही. ‘तंबू’ या शब्दानेच सगळा घोटाळा होतो. आपल्या डोळ्यांपुढे ट्रेकचा, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचा तंबू येतो. इथला तंबू म्हणजे चौथऱ्यावर उभारलेली कॅनव्हासची खोली. आत पलंग, कमोड, शॉवर. काही कॅम्पांत अंघोळीचं पाणी ठरलेल्या वेळी एक माणूस बाहेर टांगलेल्या पिशवीत ओतून जातो आणि तेवढ्यात उरकायचं असतं. सासूबाईंसाठी बुकिंगआधी दोन गोष्टी विचारा : जेवणाची जागा तंबूपासून किती पावलं आणि वाटेत पायऱ्या किती. मागाहून विचारलंत तर टोकाचा तंबू मिळतो.

कुंपण बऱ्याच कॅम्पांना नसतं, हे खरं आहे. प्राणी येतात, हेही खरं. म्हणून अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. टॉर्च हलवली की अस्कारी येतो, जेवायला नेतो, परत आणून सोडतो. अस्कारी म्हणजे पहारेकरी. आपल्या ‘लष्कर’चाच हा चुलतभाऊ शब्द, अरबीतून स्वाहिलीत गेलेला.

माझी मारातली पहिली रात्र तालेक नदीकाठी होती. पहाटे तीनच्या सुमाराला फर्रर्र, फर्रर्र असा आवाज. कुणीतरी कॅनव्हास फाडतंय अशी खात्रीच झाली. बायको म्हणाली, बघा. मी म्हटलं, तू बघ. कुणीच बघितलं नाही. सकाळी अस्कारीने तंबूमागची जमीन दाखवली : चार बोटांचे, ताटाएवढे ठसे आणि लॉनमशीन फिरवावं तसं कापलेलं गवत. पाणघोडा दिवसभर नदीत पडून असतो आणि रात्री वर येऊन चाळीसेक किलो गवत फस्त करतो. आमच्या उशीपासून तो दोन हातांवर चरत होता. पण बंद तंबूत त्याला काहीही रस नव्हता. मुद्दा ‘बंद’ या शब्दात आहे. झिप शेवटपर्यंत ओढायची आणि आत खाण्याचं काहीही ठेवायचं नाही. सिंहापेक्षा जास्त उपद्रव माकडांचा. दुपारी अर्धी उघडी झिप दिसली की त्यांना चिवड्याचा पत्ता लागतो.

आणखी एक. रात्री अंथरुणात पाय घातल्यावर काहीतरी गरम आणि मऊ लागलं तर सासूबाईंना सांगा, ओरडू नका. ती गरम पाण्याची पिशवी असते.

रिझर्व्हच्या आत राहावं की बाहेर? आणि कोटेशनमध्ये पार्क फी वेगळी का दाखवतात? (ठाणे)

कारण ती फी आता पॅकेजमधली सर्वांत बोचरी रक्कम आहे. २०२४ पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून माणशी १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, तेही दर दिवशी. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा चालतं. आत राहिलात तर शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाहेर पडायचं, नाहीतर नवं तिकीट. त्यामुळे शेवटच्या सकाळी ‘नाश्ता करून मग एक राउंड मारू’ असं कुणी म्हणालं तर आधी घड्याळ बघा.

मूळ रिझर्व्ह सुमारे १,५१० चौरस किमी. ते नारोक काउंटीच्या ताब्यात आहे. त्याला लागून कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे खासगी राखीव रानं, आहेत : मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी वगैरे. जमीन इथल्या मसाई जमातीच्या कुटुंबांची. ती ते भाडेपट्ट्याने देतात आणि कॅम्पांकडून त्यांना भाडं जातं. तिथे गाड्या मोजक्या. रात्रीची सफारी आणि पायी फिरणं, जे रिझर्व्हमध्ये चालत नाही, ते तिथे करता येतं. मात्र वाइल्डबीस्टचे (गाईएवढ्या हरणांचे) कळप जिथे नदी ओलांडतात त्या जागा रिझर्व्हमध्ये आहेत आणि कॉन्झर्व्हन्सीतून तिकडे गेलात की रिझर्व्हची फी वेगळी.

माझं मत विचाराल तर पैसे बेताचे असतील तेव्हा तीन ठिकाणं करू नका. ‘आठ दिवसांत मारा, नाकुरू, अंबोसेली’ अशा सहलीत निम्मा दिवस गाडीत जातो. मारातच चार रात्री राहा. ताडोब्यात सफारी संपली की आपण गेटबाहेर येतो. इथे रात्रही जंगलातच जाते, आणि तिचेच पैसे आपण मोजतो.

ऑगस्टमध्ये गेलो तर वाइल्डबीस्ट नदी ओलांडताना नक्की दिसतील ना? (नाशिक)

‘नक्की’ म्हणणाऱ्या एजंटकडे बुकिंग करू नका.

बारा-तेरा लाख वाइल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत काही लाख झेब्रे वर्षभर टांझानियातलं सेरेनगेटी आणि त्याला लागून असलेलं मारा यांत पावसामागून, म्हणजे कोवळ्या गवतामागून फिरत असतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर त्यातला मोठा भाग माराच्या बाजूला असतो. इथवर कॅलेंडर चालतं. पुढे नाही. एका ऑगस्टमध्ये आम्ही मारा नदीवर चार तास बसलो होतो. हजारभर जनावरं काठावर जमली. पुढची उतारावर आली, पाण्याला तोंड लावलं, मागून रेटारेटी. एका झेब्र्याने पाण्यात पाय घातला, काढला, आणि कान मागे टाकून वळला. त्याच्यामागे अख्खा कळप धूळ उडवत उलटा पळाला. गाडीतल्या काकांनी डबा उघडला आणि म्हणाले, ‘आपल्याकडच्या मुहूर्तांसारखंच आहे.’ दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी, आम्ही लांब असताना, वीस मिनिटांत सगळे पार झाले.

तेव्हा दिवस जास्त ठेवा आणि ड्रायव्हरच्या मागे लागू नका. प्रवाशांच्या आग्रहापायी गाड्या काठाला चिकटतात, कळपाची वाट अडते, आणि मग तो वळतो. माराच्या पश्चिमेच्या भागात, मारा ट्रँगलमध्ये, एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या उभ्या करू देत नाहीत. तिथे मला नेहमी बरं वाटतं.

पिल्लं जन्मताना पाहायची असतील तर तो फेब्रुवारीचा सुमार आणि जागा टांझानियातली, दक्षिण सेरेनगेटीतलं न्दुतू.

यलो फीव्हरची लस खरंच लागते का? (सांगली)

लागते, आणि ती परत येताना विचारतात. प्रमाणपत्र नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग ते जन्मभर चालतं. ती ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते, म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. साठीच्या पुढच्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावं (डोंबिवलीच्या सासूबाई, हे तुम्हालाही). मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

आम्ही शुद्ध शाकाहारी. सामान आणि खाणं किती न्यावं? (कोथरूड)

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत. कडक सुटकेस चालत नाही. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, म्हणून थेपले-लाडू डब्यात भरा. स्वेटर मात्र घ्याच. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे. जुलैच्या पहाटे उघड्या गाडीत आपली हाडं वाजतात.

खाण्याची फार काळजी नको. केनियात गुजराती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे डाळ-भाजी कॅम्पच्या आचाऱ्यांना ठाऊक असते. ‘सिली न्यामा’, मी मांस खात नाही, एवढं पाठ करा. पण कुकू म्हणजे कोंबडी आणि समाकी म्हणजे मासा, यांचीही नावं घेऊन नाही म्हणा, कारण बऱ्याच जणांच्या लेखी ते ‘मांस’ नसतंच. चहाला तिथेही चायच म्हणतात, चपातीलाही चपातीच. फक्त ती मैद्याची, पदर सुटलेली आणि तेलकट येते. गरम असेपर्यंत खा.