उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

प्रश्न : माझी दीडशे सीसीची, २००९ सालची मोटरसायकल आहे. बॅटरी १२ व्होल्ट, ९ अँपिअर-अवरची, सहा महिन्यांपूर्वी नवीन टाकलेली. गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टिकटिक करतो, किकवर मात्र सुरू होते. बाहेरून रिमोटचा अलार्म आणि मोबाईल चार्जर बसवलाय. मेकॅनिक म्हणतो, रेक्टिफायर बदलू. बदलावा का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : इतक्यात नको. रेक्टिफायर म्हणजे इंजिनावर तयार होणारी वीज बॅटरीला चार्ज करण्याजोगी करून देणारा भाग. आधी बॅटरीचीच शहानिशा करा. ती पूर्ण चार्ज करून रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. १२.६ ते १२.८ यायला हवं. मग दोन्ही तारा सोडलेल्या ठेवून चार दिवसांनी पुन्हा मोजा. १२.३ किंवा त्याखाली आलं तर दोष बॅटरीतच आहे. सहा महिन्यांची बॅटरीसुद्धा वारंवार पूर्ण उतरली की प्लेटांवर सल्फेट धरून निकामी होते.

बॅटरी टिकली तर गाडी सुरू करून रेस साधारण ४,००० आरपीएमवर धरा. टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट आले म्हणजे चार्जिंग ठीक आहे. पण एवढ्यावर रेक्टिफायर निर्दोष सुटत नाही. नीट चार्ज करणारा रेक्टिफायरही गाडी बंद असताना उलटा करंट सोडू शकतो.

आता मुख्य तपासणी. किल्ली काढा. निगेटिव्ह तार सोडा, पॉझिटिव्हला हात लावू नका (आधी पॉझिटिव्ह सोडताना पाना चासीला टेकला तर ठिणगी ठरलेली). मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर निगेटिव्ह टर्मिनल व सोडलेली तार यांच्या मध्ये जोडा. अलार्म क्षणभर जागा होईल. पाच मिनिटं थांबून आकडा वाचा. तो खूप लहान असेल तरच मिलीअँपिअरच्या रेंजवर या. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर नाहीच, मीटरचा फ्यूज उडेल. आणि काम संपल्यावर लाल तार आठवणीने व्होल्टच्या भोकात परत घाला. पुढच्या वेळी तशीच बॅटरीला लावली तर थेट शॉर्ट होतो. मीटर बहुतेक असेच जळतात.

आकडा किती चालतो? घड्याळ-अलार्म नसलेल्या गाडीत जवळपास शून्य, एक-दोन मिलीअँपिअर फार तर. ५० दिसले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर, चार दिवसांत ४.८, म्हणजे तुमची निम्म्याहून जास्त बॅटरी रिकामी. लक्षण तुमच्याशी जुळतंय.

मीटरवर नजर ठेवून एकेक जोड सोडत जा. आधी अलार्म, मग चार्जर. चार्जरमध्ये फोन नसला तरी आतलं सर्किट थोडा करंट घेतच राहतं. थेट बॅटरीवरून घेतला असेल तर तो किल्लीनंतरच्या लाईनवर, स्वतंत्र फ्यूज टाकून घ्या. आकडा तसाच राहिला तर मुख्य फ्यूज काढा. तरीही उतरला नाही तर फ्यूजच्या आधीचं काहीतरी ओढतंय: सेल्फचा रिले (सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा स्विच) किंवा थेट टर्मिनलवर चढवलेली एखादी तार. फ्यूज काढल्यावर उतरला तर फ्यूज परत बसवून रेक्टिफायरचं कपलर (तारांचा प्लग-जोड) सोडा. आकडा पडला तर तुमचा मेकॅनिक बरोबर, आणि मग खुशाल बदला.

नाही पडला तर किल्लीच्या लॉकचं कपलर पाहा. कोकणातल्या पावसात माझा पहिला संशय इथेच. पाणी शिरून पितळी टोकांवर हिरवट थर धरतो आणि बंद स्थितीतही दोन टोकांमध्ये थोडा करंट झिरपतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू द्या. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. आकडा हलला तर मानेपाशी वायरिंगची साल निघालीय. टाकीखाली आणि सीटखाली उंदरांनी कुरतडलेल्या ताराही बघा.

ब्रेक लाइटच्या स्विचवर बरेच जण वेळ घालवतात. बहुतेक गाड्यांत त्याला किल्ली बंद असताना सप्लायच नसतो.

दोष निघाल्यावर बॅटरी ०.९ अँपिअरने दहा-बारा तास चार्ज करा. मोटारीच्या मोठ्या चार्जरला लावू नका.

प्रश्न : त्यापेक्षा निगेटिव्हला कट-ऑफ स्विच टाकला तर?

उत्तर : टाका, पण सेल्फचा करंट त्यातून जाणार, तेव्हा तो १०० अँपिअरचा हवा, घरातला बटणाचा स्विच वितळेल. इंजिन चालू असताना तो कधीही बंद करू नका, बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळून बल्ब आणि सीडीआय (प्लगची ठिणगी सांभाळणारं युनिट) जातात. आणि साल निघालेली तार असेल तर ती चालत्या गाडीत चासीला घासतच राहते, ती आधी बदला.