आधी तिला विचारा

अनोळखी व्यक्तीकडून लैंगिक अत्याचार झालेल्या मुली, स्त्रिया आणि त्यांच्या घरच्यांची चार पत्रं यावेळी घेतली आहेत. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : ताई, माझ्या २४ वर्षांच्या बहिणीवर परवा रात्री कामावरून येताना बलात्कार झाला. घरी येऊन तिने अंघोळ केली, कपडे धुतले. पोलिसांत जायचं नाही म्हणते. आता दवाखान्यात नेऊन उपयोग आहे का?

उत्तर : तुम्हाला त्याच दिवशी कळवलं होतं, पण या प्रश्नापाशी अनेक घरं अडकतात म्हणून इथेही लिहिते. उपयोग आहे, आणि घाई पुराव्यापेक्षा तिच्या तब्येतीसाठी आहे. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्यायच्या असतात. गर्भधारणा टाळणारी गोळी जितकी लवकर तितकी गुणकारी. पाच दिवसांपर्यंत तांबीचाही पर्याय असतो. शिवाय इतर लैंगिक आजारांवरची औषधं आणि जखमांची काळजी. हे उपचार सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांनी ताबडतोब आणि मोफत द्यायचे असतात. नाकारणं हा गुन्हा आहे.

अंघोळ झाली म्हणून सगळा पुरावा गेला असं नाही. नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात, आणि धुतलेल्या कपड्यांवरही कधीकधी अंश सापडतो. कपडे कोरडे करून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको. तपासणी तिच्या संमतीनेच होते. पूर्ण किंवा एखाद्या भागापुरता नकार ती देऊ शकते. ‘दोन बोटांची चाचणी’ कुणी करू पाहिलं तर ठाम नाही म्हणा, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती गैरवर्तन ठरवली आहे. रुग्णालय पोलिसांना कळवेल, ते त्यांना बंधनकारक आहे. पण तक्रार द्यायची नसेल तर तिचा नकार लिहून घेतला जातो आणि उपचार थांबत नाहीत. हे सगळं तिला आधी सांगा, मग विचारा, ‘जायचं का?’ त्या रात्री तिच्या शरीराबद्दलचा निर्णय दुसऱ्याने घेतला. आता तो प्रेमापोटी आपणही घ्यायचा नाही.

प्रश्न : तीन महिने झाले. मी ओरडले नाही, पळाले नाही, याबद्दल सगळे विचारतात. त्याचा चेहरा आठवत नाही, पण त्याच्या तंबाखूचा वास अचानक येतो आणि मी थरथरते. मला वेड लागतंय का?

उत्तर : नाही गं. जिवाची भीती असते तेव्हा लढणं आणि पळणं यांसारखंच थिजून जाणं हीसुद्धा शरीराची प्रतिक्रिया असते. तू ती निवडली नव्हतीस. अशा क्षणांची आठवण तुकड्यांनी साठते: वास लख्ख राहतो, चेहरा पुसट होतो. म्हणून तू खोटी ठरत नाहीस.

‘प्रतिकार का केला नाहीस’ हा प्रश्न या देशात फार बायकांना भोवला आहे. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत म्हणून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. त्यावर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येत नाही, हे आज कायद्यातच लिहिलेलं आहे. नातेवाइकांना हेच उत्तर दे, किंवा काहीच देऊ नकोस. प्रत्येकाला हकीकत सांगायला तू बांधील नाहीस.

वास आला की पाय जमिनीवर घट्ट टेक, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घे, आजची तारीख म्हण. आता इथे तो नाही, हे शरीराला कळू दे. तीन महिन्यांनंतरही त्रास टिकला आहे, तेव्हा आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. यावर परिणामकारक उपचार आहेत. आज रात्रीच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

प्रश्न : मुलीची नोकरी सोडवली, एकटीला कुठे पाठवत नाही. तरी ती जास्तच घाबरते.

उत्तर : आई म्हणून तुमचा जीव तुटतो, ते कळतं. अनोळखी माणसाने हल्ला केला की प्रत्येक अनोळखी चेहरा धोक्याचा वाटू लागतो. पण घरात राहून ती भीती ओसरत नाही, मुरते. शिवाय नोकरी सुटली की मैत्रिणी सुटतात, पगार सुटतो, आणि शिक्षा आपल्यालाच झाली असं तिच्या मनात बसतं. कुठून सुरुवात करायची ते तिला ठरवू द्या. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, दिवसा, मैत्रिणीबरोबर, इतकंही पुरे. एखाद्या दिवशी ती अर्ध्यातून परतेल. तेव्हा ‘सांगत होते ना’ म्हणू नका.

प्रश्न : मॅडम, प्रवासात घटना घडली. पोलीस म्हणाले, आमची हद्द नाही.

उत्तर : हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते, याला झिरो एफआयआर म्हणतात. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे, आणि महाराष्ट्राच्या मनोधैर्य योजनेच्या अर्थसाहाय्याची चौकशीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करा. सोबत कुणीतरी हवं असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करून जवळचं सखी केंद्र, म्हणजे अत्याचार झालेल्या स्त्रियांना एकाच ठिकाणी मदत देणारं सरकारी केंद्र, विचारा.