हेन्रिएटा लॅक्सच्या पेशी न विचारता घेतल्या, मग त्यात चूक कोणाची? तेव्हा तर कायदाच नव्हता ना?

कायदा नव्हता हे खरंय, पण तेवढ्यावर विषय संपत नाही. १९५१ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये हेन्रिएटा ही काळी बाई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर उपचार घेत असताना डॉक्टरांनी तिच्या गाठीचा तुकडा घेतला, तिला ना विचारलं ना सांगितलं, आणि त्याच वर्षी ती गेली, वय फक्त ३१, मागे पाच मुलं. त्या पेशी मात्र लॅबमध्ये वाढतच राहिल्या, पोलिओच्या लसीच्या कामात वापरल्या गेल्या, कंपन्यांनी विकल्या. घरच्यांना हे कळलं १९७० च्या दशकात, तेही संशोधकांना त्यांचंच रक्त हवं होतं म्हणून!

न विचारता नमुने तेव्हा गोऱ्या पेशंटचेही घेतले जायचे, पण काळ्यांसाठी वेगळे वॉर्ड असण्याच्या त्या काळात गरीब काळी बाई डॉक्टरला उलट प्रश्न विचारणार तरी कशी? मला तरी खरा मुद्दा हाच वाटतो.

भरपाईचं म्हणाल तर २०२३ मध्ये या पेशी विकणाऱ्या थर्मो फिशर कंपनीने वारसांशी कोर्टातला दावा मिटवला, रक्कम गुप्त ठेवली. म्हणजे ७२ वर्षांनी. आणि २०१३ मध्येसुद्धा या पेशींचा जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, घरच्यांना न विचारताच प्रसिद्ध केला होता, तेव्हा ‘जुना काळ होता’ हे कारण मला पटत नाही.