सिंगापूर (चांगी) ते न्यूयॉर्क (जेएफके) विमानाचं अंतर आणि वेळ किती?

सरळ अंतर सुमारे १५,३५० किमी आहे आणि थेट विमानाला साधारण साडेअठरा ते एकोणीस तास लागतात. अंतर स्वतः पडताळून बघता येतं. सिंगापूर १.४ अंश उत्तरेला, न्यूयॉर्क ४०.६ अंश उत्तरेला, आणि दोघांच्या रेखांशात जवळजवळ १८० अंशांचा फरक. म्हणजे सर्वांत जवळची वाट थेट उत्तर ध्रुवाजवळून जाते. १८० मधून दोन्ही अक्षांश वजा केले की १३८ अंश उरतात. एका अंशाचे १११ किमी धरा, हिशोब जुळतो. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजलंत तर मात्र हमखास फसाल.

प्रत्यक्षात विमान ही ध्रुवावरची रेघ सहसा धरत नाही. वारा पाठीशी मिळावा म्हणून बरेचदा पॅसिफिकवरून लांबचा वळसा घेतं, त्यामुळे कापलेलं अंतर हजारभर किमीने वाढू शकतं आणि वेळही रोज थोडा मागेपुढे होतो. ही थेट सेवा सिंगापूर एअरलाइन्स २०२० पासून चालवते, विमान एअरबस ए३५०-९०० यूएलआर (खूप लांब पल्ल्यासाठी बनवलेली आवृत्ती). मध्ये कुठे विमान बदललंत तर बावीस तासांच्या आत पोहोचणं अवघडच.

तिकिटावरच्या वेळा बघून गोंधळू नका: न्यूयॉर्क उन्हाळ्यात १२ आणि हिवाळ्यात १३ तास मागे असतं. रात्री उशिरा निघालात तर तिथे पोहोचताना दुसऱ्या दिवसाची पहाटच असते.