'अप' हा कार्टून सिनेमा मुलांपेक्षा मोठ्यांनाच जास्त का रडवतो?

कारण त्यातलं साहस मुलांसाठी आहे, पण दुःख संसार केलेल्यांनाच कळतं. पिक्सारच्या या २००९ च्या सिनेमात सुरुवातीलाच कार्ल आणि एलीचा अख्खा संसार, एली जाईपर्यंतचा, एकही संवाद न वापरता काही मिनिटांत उलगडतो. सहलीसाठी बरणीत नाणी साठवायची, मग टायर पंक्चर झाला, कार्लचा पाय मोडला, झाड घरावर पडलं की बरणी फोडायची. हे कोणत्या घरात झालेलं नाही? सिडकोतल्या घरी भाच्यांसोबत तीनदा पाहिलाय. पोरं कार्लचं घर उडवणारे फुगे कधी येतात विचारतात आणि आमची ताई पदराला डोळे पुसते. त्यात पुन्हा कार्लच्या घराभोवती टॉवर उठतात, तो जागा सोडत नाही. पंचवटीत वाडे पडून इमारती होताना पाहिलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. मायकेल जियाचिनोच्या संगीताला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

मात्र पुढचा भाग, बोलणारे कुत्रे आणि पाठलाग, बऱ्यापैकी पोरांचाच आहे (मला तो जरा लांबलेला वाटतो). आणि घरात नुकतं कोणी गेलं असेल, तर थोडे दिवस थांबून बघा.