‘प्रेझेंटली’ आणि ‘करंटली’ यांत फरक काय? दोन्ही ‘सध्या’च ना?

फरक आहे, आणि त्यापायी मी भर ऑफिसात बोलणी खाल्ली आहेत.

१९९४ साल. भोसरीच्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला नवीन. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला फॅक्स केला : ‘वुई आर प्रेझेंटली डिस्पॅचिंग द बॅलन्स फॉर्टी पीसेस.’ प्रेझेंट म्हणजे वर्तमान, तेव्हा प्रेझेंटली म्हणजे सध्या, हा माझा हिशोब. माल खरंच ट्रकमध्ये चढत होता. त्या गृहस्थाने वाचलं, ‘लवकरच पाठवतो’. दोन दिवसांनी त्याचा फॅक्स : तुम्ही ‘प्रेझेंटली’ म्हणालात, म्हणजे माल निघाला नसणार, थांबवा, ड्रॉइंग बदलतंय. पेट्या तोवर न्हावा शेवाला पोचलेल्या!

साहेबांनी गिऱ्हाइकाच्या फॅक्समधल्या त्या शब्दाभोवती लाल पेनाने गोल काढला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मराठी मीडियम!” तो फॅक्स मी जपून ठेवलाय. थर्मल कागदावरची अक्षरं उडाली, लाल गोल तेवढा शाबूत आहे.

आता ऐका. ‘प्रेझेंटली’चा ‘सध्या’ हा अर्थ १५व्या शतकापासून चालत आलाय. स्कॉटलंड-अमेरिकेत तो सर्रास चालतो, म्हणजे मी काही तो घरी पाडलेला नव्हता. शब्दाचा आणखी एक जुना अर्थ ‘ताबडतोब’. आपण ‘आलोच’ म्हणून अर्धा तास लावतो ना, तसाच तो घसरत ‘थोड्या वेळाने’वर आला. ‘सून’ची गत तीच, जुन्या इंग्रजीत तोही ‘लगेच’ होता. आणि आपलं ‘एवढ्यात’? ‘एवढ्यात येईल’ आणि ‘एवढ्यात दिसला नाही’, दोन्ही बोलतोच की. तिथे कुणी लाल पेन काढत नाही.

‘करंटली’ला असली भानगड नाही, तो फक्त ‘सध्या’. ‘ही इज प्रेझेंटली इन पुणे’ म्हटलं तर तो पुण्यात आहे. ‘ही विल कम प्रेझेंटली’ म्हटलं तर येईल थोड्या वेळात. घोळ होतो तो माझ्यासारख्या ‘-इंग’वाल्या वाक्यात. माझं मत विचाराल तर दोन्ही सोडा, ‘नाऊ’ लिहा नाहीतर ‘सून’.

हां, परीक्षेसाठी विचारत असाल तर ‘प्रेझेंटली म्हणजे लवकरच’ एवढंच लिहा, तपासणाऱ्याशी वाद घालू नका. आणि खरं सांगायचं तर माझ्या फॅक्सवर माल निघण्याची तारीख टाकली असती तर काहीच झालं नसतं. पण साहेब तारखेबद्दल चकार शब्द बोलले नव्हते, मीडियमबद्दल बोलले होते.